खोडलेल्या बहिणीची रहस्यकथा

विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ ही कादंबरी डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात नोव्हेंबर १८५९ ते ऑगस्ट १८६० या काळात क्रमशः आली. तिच्याबद्दल बोलताना सहसा मध्यरात्री रस्त्यावर भेटणाऱ्या पांढऱ्या वेशातल्या बाईपासून सुरुवात होते. मी एका दस्तऐवजापासून करतो. अमरावती-अकोल्याकडच्या वाचकाला या कादंबरीतला मूळ गुन्हा तिथेच ओळखू येईल.

लॉरा फेअरलीच्या नावावर वीस हजार पौंड आहेत. आपल्या पश्चात त्यातला वाटा मॅरियन हॅलकोम्बला मिळावा, अशी तिची इच्छा. दोघींची आई एक, वडील वेगळे. नवरा होऊ घातलेल्या सर पर्सिव्हल ग्लाइडला मात्र सगळी रक्कम हवी. लॉराचा पालक असलेला काका प्रकृतीचे निमित्त करून अंग काढून घेतो आणि लग्नाच्या करारातून बहीण जाते. त्या क्षणापासून लॉराचे मरण नवऱ्याच्या फायद्याचे होते. तिच्यासारखी दिसणारी आजारी ॲन कॅथरिक पुढे लॉरा म्हणून पुरली जाते, आणि खरी लॉरा ॲनच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात कोंडली जाते. जिवंत बाई कागदावर मेलेली! या कलमावरून वाचक भरभर पुढे जातो. मला मात्र तोच कादंबरीचा पाया वाटतो.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, आणि लंडनकर हे हप्ते वाचत होते त्याच्या आगेमागेच इथे मुंबई प्रांताच्या धर्तीवर रयतवारीची मोजणी सुरू झाली. शेताला नंबर, नंबरापुढे खातेदाराचे नाव. नाव चढणे आणि नाव उतरणे हे आमच्याकडचे जुने नाट्य आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, राज्याची १९९४ ची आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती यांनी मुलीचे नाव चढवले. हक्कसोडपत्र ते उतरवते. बाप गेला की पटवाऱ्याकडे वारसांच्या फेरफारात भावांच्या जोडीने बहिणींची नावे लागतात, आणि मग बहिणी स्वखुशीने, मोबदला न घेता, सही करतात. केली तर माहेर उघडे. नाही केली तर भाऊबीजेला ओवाळायचे कुणाला? भावंडांतली माया आपल्याकडे बहिणीच्या सहीवर मोजली जाते.

म्हणून या कादंबरीतला सहीचा प्रसंग इथे वेगळाच अंगावर येतो. पर्सिव्हल बायकोसमोर कागद ठेवतो, तो घडी घालून, फक्त सहीची जागा उघडी ठेवून. मजकूर वाचू देत नाही. “इथं सही कर बाई, बाकीचं आम्ही पाहतो,” हे वाक्य त्याच्या तोंडी नाही, पण प्रत्येक वऱ्हाडी वाचकाला ते ऐकू येईल. लॉरा अडते. मॅरियनही, कागदात काय आहे ते कळल्याखेरीज साक्षीदार व्हायला तयार होत नाही. हौशी गुप्तहेर म्हटला की आपल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो, त्याची सायकल आणि त्याचे धाडस आठवते. मॅरियनच्या शोधाची सुरुवात साध्या नकाराने होते. धाडस नंतर येते: पावसात छपरावर बसून ती पर्सिव्हल आणि काउंट फॉस्को यांचे बोलणे चोरून ऐकते, त्यापायी तापाने अंथरूण धरते, आणि पुढे परिचारिकेला पैसे चारून बहिणीला इस्पितळातून बाहेर काढते.

दुसरा शोधक वॉल्टर हार्टराइट. हा चित्रकलेचा मास्तर. चर्चच्या नोंदवहीत पर्सिव्हलच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद पानाच्या तळाशी चिंचोळ्या जागेत दाबून बसवलेली आहे, हे याच्या नजरेत भरते. दुसऱ्या गावी ठेवलेल्या नकलेत ती जागा कोरी निघते. लग्न झालेलेच नव्हते. म्हणजे ‘सर’ ही पदवीही पर्सिव्हलची नाही. फेरफाराची जुनी वही चाळलेल्या कुणालाही दोन ओळींत घुसडलेली तिसरी ओळ अशीच दिसते. लॉराचे जिवंतपण सिद्ध होते तेही तारखेनेच: मृत्यूचा दाखला २५ जुलैचा, आणि तिचा लंडनचा प्रवास २६ चा. रहस्य उलगडण्याची इतकी कोरडी आणि इतकी समाधान देणारी रीत मला फार थोड्या कादंबऱ्यांत भेटली.

इथे कॉलिन्सशी माझे भांडण आहे. लंडनमध्ये तिघे खोटे नाव घेऊन लपतात, हार्टराइट दोघींचा भाऊ म्हणून राहतो, आणि हा मानलेला भाऊ आल्याबरोबर शोधाची सूत्रे त्याच्या हाती जातात. मॅरियन घरकाम अंगावर घेते. तिची रोजनिशी आधीच बंद पडली आहे. तिच्यातली शेवटची नोंद तर फॉस्कोने केलेली, तिची तारीफ करणारी. तिला गप्प करणे लेखकाला इतके सोपे का गेले? मायाळू बहीण आपणहून मागे सरते, हे त्याच्या वाचकांनाही आपल्याइतकेच स्वाभाविक वाटत असावे.

लॉरा जिवंत असल्याचा निवाडा कोर्टात होत नाही. लिमरिजच्या कुळांना घरात जमवून हार्टराइट सगळी हकीकत वाचून दाखवतो, आणि मग थडग्यावरचे लॉराचे नाव छिन्नीने काढले जाते. वीस हजार पौंड बुडाले ते बुडालेच. काकाच्या मृत्यूनंतर इस्टेट येते ती लॉराच्या तान्ह्या मुलाकडे. लिमरिजचा वारस म्हणून त्याला हातांवर उंच धरून दाखवते ती मॅरियन.