आडवी मोटर

निळी डांगरी, पिवळं हेल्मेट, हातात पान्हा आणि गोऱ्या चेहऱ्यावर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू. मामाने व्हॉट्सअॅपवर तो फोटो मोठा करून पाहिला आणि फोनवर एवढंच विचारलं, "हा कोन होय?"

मामाचं मोताळ्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्याने जुना छोटा हत्ती घेतला. आतापर्यंत शेतकरी जळालेली मोटर ट्रॅक्टरमध्ये घालून दुकानात आणायचे, आता मामा घोडी आणि चेनकप्पी घेऊन बोरवर जाणार होता. गाडीच्या फाळक्यावर नाव टाकायचं होतं आणि नावाशेजारी एक चित्र हवं होतं. "नेटवरून एखादं चांगलंसं काढून दे, तू त्याच लाइनीत हायेस." मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. मामाच्या लेखी चित्र आणि सॉफ्टवेअर एकाच लाइनीत येतात, आणि त्याचं अगदीच चुकत नाही. चित्रांचा शोध ही शेवटी माझ्याच धंद्यातल्या लोकांनी बांधलेली गोष्ट आहे. म्हणूनच ती कुठे फसते याची मला थोडी लाज वाटली.

सबमर्सिबल पंप दुरुस्ती असं शोधलं की आधी पंप विकणाऱ्या कंपन्यांची चकचकीत नळकांडी येतात, मग तो डांगरीवाला येतो. कारण सोपं आहे. चित्रसाठ्यात चित्र सापडतं ते त्याला चिकटवलेल्या शब्दांमुळे. पाण्याशी संबंध असलेला कारागीर म्हणजे प्लंबर, हे समीकरण ते शब्द चिकटवणाऱ्यांच्या देशात बरोबर असेल. तिथल्या प्लंबरला दीडशे फूट खोल बोरातून पाइपांची माळ एकेक तुकडा सोडवत वर ओढायची नसते. त्यामुळे ते काम करणारा माणूस त्या साठ्यात नाही. लाखो चित्रं असूनही नाही.

हे आजचं नाही. कॅनडातल्या कोरल कंपनीचं कोरलड्रॉ १९८९ मध्ये आलं. पुढे त्याच्यासोबत क्लिपआर्टच्या सीड्या येऊ लागल्या आणि आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांनी त्या सीड्यांवर एक अख्खा दृश्यसंसार उभा केला. लग्नपत्रिका, दवाखान्याचे बोर्ड, शाळेची स्नेहसंमेलनं, सगळं त्यातून निघालं. मामा ज्या रेडियमवाल्याकडे मला घेऊन गेला, त्याच्या कॉम्प्युटरवर आजही 'देव', 'लग्न', 'नेते', 'शेती' असे फोल्डर आहेत. 'शेती'त बैलजोडी, ट्रॅक्टर, गव्हाची लोंबी आणि डोक्यावर हॅट घातलेला एक शेतकरी. मोताळ्याच्या बाजूला कापूस, मका, सोयाबीन. त्या फोल्डरात कापसाचं एकही बोंड नव्हतं.

'देव' फोल्डर मात्र भरगच्च. आणि इथे मला एक गोष्ट खटकली, जी या लेखाचं निमित्त आहे. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक धंद्याच्या गाड्यांवर दोन प्रकारची चित्रं असतात. पुढच्या काचेवर श्रद्धेचं, बाजूला धंद्याचं. काचेवर शेगावचे गजानन महाराज असतील तर ते चुकीचे असूच शकत नाहीत. बसण्याची ढब, चिलीम, नजर, यात जरा इकडेतिकडे झालं तर चहाच्या टपरीवरचा कुणीही सांगेल की हे महाराज नव्हेत. राजमुद्रेचं तसंच. तिचे आठ कोन सहा झाले तर गाडी गावाबाहेर पडणार नाही. पण त्याच गाडीच्या बाजूला, ज्यावर घर चालतं त्या कामाचं चित्र, कुठलंही चालतं. पान्हा चालतो, विजेची वाकडी रेघ चालते, दात असलेलं चाक तर सर्वांना चालतं. वेल्डर असो, थ्रेशर दुरुस्त करणारा असो, सगळ्यांच्या दारावर तेच चाक.

याचा अर्थ लोकांना कामाचं चित्र नीट बघता येत नाही असा नाही. मी पाठवलेलं दुसरं चित्र मामाने एका नजरेत बाद केलं. "हे तं मोनोब्लॉक होय. लोकं म्हनतीन, हा बोरातली काढत नाही." म्हणजे पारख आहे आणि ती महाराजांच्या चित्राइतकीच कडक आहे. फक्त त्या पारखीला उतरेल असं चित्र कुणी काढलेलं नाही, म्हणून माणसं दातेरी चाकावर समाधान मानतात.

अशा चित्रांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं, ते बहुतेक हळहळीच्या सुरात असतं. फ्लेक्स आला, पेंटर गेले, हाताच्या अक्षरांची ऊब गेली. मीही त्याच सुरात विचार करत होतो. हनीफ कुरेशी यांनी भारतभरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून, त्यांचे फाँट करून, त्या फाँटांना त्या-त्या पेंटरचं नाव दिलं. २०२४ मध्ये ते गेले. पेंटरला नाव देणं ही त्यांची कृती मला फार मोलाची वाटते. पण अशा संग्रहांतून अक्षराचा दिमाख जपला जातो, बोर्डाचं काम काय होतं ते बाजूलाच राहतं. ट्रकच्या पाठीमागची चित्रं पुस्तकांत गेली, टी-शर्टांवर गेली. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या तीन शब्दांवर लेख लिहिले. गावातल्या गावात फिरणाऱ्या दुरुस्तीच्या टेम्पोवर कुणी हळहळलं नाही, कारण तो देखणा नव्हता. खरं सांगायचं तर बऱ्याच पेंटरांचं काम सुमार असायचं. फरक एवढाच होता की पेंटर गाडीसमोर उभा असायचा आणि धंदेवाला त्याला "हे असं नाही" म्हणू शकायचा. क्लिपआर्टला तसं म्हणता येत नाही.

मराठीत अक्षराची समीक्षा झाली ती कमल शेडगे यांच्यामुळे. नाटकाच्या नावातच नाटकाचा स्वभाव उतरवायचा, ही त्यांची रीत आपण सगळे जाणतो. तीच कसोटी फाळक्याला लावून बघावी म्हणून मी चित्र सोडून अक्षराकडे वळलो. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू' हा जाडजूड, गोलसर फाँट फुकट मिळतो आणि लांबून वाचता येतो. त्यात 'सबमर्सिबल मोटर भरून मिळेल' असं लिहून रेडियमवाल्याला पाठवलं. त्याच्या जुन्या कोरलमध्ये ते फुटलं. फुटणारच होतं, शब्दच तसा आहे. 'र्सि' या एका अक्षरात रेफ साठवला जातो स-च्या आधी आणि दिसतो त्याच्या डोक्यावर. ह्रस्व वेलांटी साठवली जाते स-च्या नंतर आणि दिसते त्याच्या आधी. दोघं एकमेकांना ओलांडून जातात. युनिकोड न समजणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायला याहून चांगला शब्द मी दहा वर्षांत बनवू शकलो नसतो आणि मामा तो दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. (उच्चारतो 'समर्सिबल'. तिथेही अर्धा प्रश्न सुटतोच.)

पण त्या खटपटीत दुसरा शब्द लक्षात आला, 'भरून'. मोटर भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी भरणं. रात्रीची लाइट, एक फेज उडालेला, मोटर तशीच गुरगुरत राहते आणि सकाळी शेतात जावं तर जळालेली. मामा ती उघडतो, जळालेल्या वेटोळ्यांतले वेढे मोजतो, तारेचा गेज बघतो, वहीत लिहितो आणि तेवढेच वेढे पुन्हा घालतो. जळालेल्या गोष्टीतूनच ती कशी होती ते वाचायचं. याचं चित्र कसं काढणार? चित्रात एक तर जळालेली मोटर दिसेल किंवा चांगली. मधलं काम दिसत नाही.

दुरुस्तीच्या सगळ्याच धंद्यांची ही अडचण आहे. घड्याळवाल्याच्या बोर्डावरचं घड्याळ कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवतं, ते बिघडलेलं की सुधारलेलं कळत नाही. दातांच्या डॉक्टरची कवळी बत्तीस दातांनी हसते, जिथे जाणाऱ्याचा एक तरी दात दुखत असतो. वस्तू विकणाऱ्याला वस्तूचं चित्र पुरतं. दुरुस्त करणारा मात्र क्रियापद विकतो. हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात फक्त एकाने सोडवलाय असं माझं मत आहे, पंक्चरवाल्याने. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जा. रस्त्याच्या कडेला झाडाला टांगलेला जुना टायर आणि त्यावर चुन्याने लिहिलेलं 'पंक्चर'. चित्र नाही, खुद्द वस्तू. तीही झिजलेली, तुमच्या गाडीला आत्ता आहे तशी. मैलभरावरून कळतं आणि दुकान विकणाऱ्याचं नव्हे, सुधारणाऱ्याचं आहे हेही कळतं.

मामाच्या गाडीचा फाळका सात फूट लांब आणि एक फूट उंच. मी त्या पट्टीत उभं चित्र बसवायच्या मागे होतो, कारण कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये सबमर्सिबल उभी असते. ती बोरात उभीच असते म्हणा, पण तिथे तिला कोण बघतं? शेतकऱ्याला मोटर दिसते ती वर काढल्यावर, बांधावर आडवी पडलेली. सहा इंची बोरातला पंपसेट जाडीला चार-पाच इंच आणि लांबीला चार-पाच फूट. म्हणजे फाळक्यावर ती आडवी, जशीच्या तशी, खऱ्या मापाची मावते. कुठलंही चित्र शोधायची गरज नव्हती. मामाच्या दुकानात सहा पडल्या होत्या.

मी त्यातल्या एकीचा फोटो काढून, स्वच्छ करून, मामाला दाखवला. "अशी चकचकीत मोटर डीलरच्या दुकानात राह्यते," तो म्हणाला. "माह्याकडं येते ते जळेल."

प्लॉटरने रेडियम कापून चिखल दाखवता येत नाही. म्हणून मलकापूरच्या एका वयस्कर पेंटरला बोलावलं. ते आता शाळेच्या भिंती आणि निवडणुकीच्या वेळी पांढऱ्यावर पांढरं मारायचं काम करतात. त्यांनी दुकानातली एक मोटर गाडीशेजारी जमिनीवर ठेवली, खडूच्या दोरीने रेघ मारली आणि ऑइल पेंटने रंगवायला घेतली. करडी, खालच्या टोकाला वीतभर काळी माती, केबलचे दोन वेढे. मोटरीने निम्मी उंची खाल्ली. उरलेल्या सहा इंचांत वेलांट्या आणि उकार सांभाळून अक्षराचं अंग तीन इंचांचं राहिलं. साइनबोर्डवाल्यांचा ढोबळ हिशोब धरला तर एका इंचाला दहा फूट, म्हणजे तीस फुटांवरून आरामात वाचता येईल. शेताच्या रस्त्याला तेवढं पुरे. लिहिलं, 'मोटर भरून मिळेल'. सबमर्सिबल हा शब्द काढूनच टाकला, ती समोर पडलेली होती. नंबर मागच्या फाळक्यावर.

अक्षरं सुकेपर्यंत मामा दुकानात एकाचा स्टार्टर बघत होता. बाहेर येऊन त्याने चित्र पाहिलं आणि मान हलवली. पेंटरने पाणी ओढायची जाळी खालच्या टोकाला काढली होती, नळीचं तोंड टोकाला असतं तशी. सबमर्सिबलमध्ये मोटर खाली, पंप वर आणि जाळी दोघांच्या मधोमध असते. "कोनी पाह्यलं तं म्हनन, याले जाळी कुठं राह्यते तेच म्हाईत नाही."

पेंटरने काही न बोलता टर्पेंटाइनचं फडकं घेतलं, टोकाची जाळी पुसली, वाकून जमिनीवरच्या मोटरीकडे पुन्हा पाहिलं आणि मधे काढली.