तबकड्यांच्या शाळेतला विद्यार्थी : ‘हाय लँड, हार्ड रेन’ ऐकताना

बोटीवर नोकरी करणारे माझे मामा दर खेपेला काही कॅसेटी घेऊन येत. बहुतेक कुणीतरी कुणाकडून तरी भरून घेतलेल्या असत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली एक माझ्या हाती आली. तिच्या पट्टीवर निळ्या शाईत ‘अ‍ॅझटेक कॅमेरा’ एवढेच लिहिलेले होते. मी तेव्हा अकरावीत होतो. अ‍ॅझटेक म्हणजे मेक्सिकोचे प्राचीन लोक, एवढे ज्ञान गाठीला होते; म्हणून हे मेक्सिकोचे संगीत असणार असे मी धरून चाललो. पहिल्याच गाण्यात मध्येच स्पॅनिश धाटणीची गिटार वाजली आणि माझी समजूत पक्की झाली. ती दुरुस्त व्हायला चार-पाच वर्षे लागली. गाणारा मुलगा स्कॉटलंडचा होता, त्याचे नाव रॉडी फ्रेम, आणि त्या अल्बमचे नाव ‘हाय लँड, हार्ड रेन’.

हा अ‍ॅझटेक कॅमेराचा पहिला अल्बम. एप्रिल १९८३मध्ये लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र कंपनीने तो काढला. फ्रेमचा जन्म २९ जानेवारी १९६४चा. म्हणजे अल्बम आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दहाही गाणी त्याची, आणि काही तर सोळा-सतराव्या वर्षी बांधलेली. या वयामुळे अल्बमविषयी बोलण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. ‘नैसर्गिक प्रतिभा’, ‘कोवळा उत्स्फूर्तपणा’, ‘झऱ्यासारखे संगीत’ अशा विशेषणांनी त्याचे कौतुक होते. मला हे कौतुक अपुरे वाटते, आणि थोडे अन्यायाचेही. झऱ्याला कष्ट पडत नाहीत. या मुलाला पडले आहेत, आणि ते नीट ऐकले तर ऐकू येतात. अल्बमचा ताजेपणा न शिकल्यामुळे आलेला नाही, भरपूर शिकल्यामुळे आलेला आहे, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

या आग्रहाला एक खासगी कारणही आहे. मी स्वतः कुठल्या विद्यापीठातून संशोधन शिकलेलो नाही. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द माझ्या नावामागे अनेकदा लावला गेला आहे, आणि बहुतेक वेळा पाठीवर थाप मारावी तसा. या शब्दाचा अर्थ ‘कुणी न शिकवलेला’ असा घेतला जातो. खरे तर त्याचा अर्थ ‘आपले शिक्षक आपण शोधलेला’ असा आहे. फ्रेमने आपले शिक्षक कुठे शोधले, ते त्याच्या गिटारीत स्पष्ट ऐकू येते.

ईस्ट किलब्राइड ते ईस्टबोर्न

फ्रेम ईस्ट किलब्राइडचा. ग्लासगोच्या दक्षिणेला वसवलेले हे नियोजित नगर. महायुद्धानंतर ग्लासगोतल्या दाटीवाटीच्या वस्त्या हलक्या करण्यासाठी १९४७ साली ते जाहीर झाले. स्कॉटलंडमधले अशा प्रकारचे पहिले. अशा गावांत रस्ते रुंद असतात, घरे नवी असतात, पण आजोबांच्या आठवणीतला कोपरा नसतो. अल्बमचे शीर्षक मला या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते. ‘हायलँड’ हा एक शब्द म्हटला की धुके, डोंगर आणि किल्ले असलेला, पर्यटकांच्या चित्रांतला स्कॉटलंड डोळ्यांपुढे येतो. फ्रेमने तो शब्द तोडून दोन केले. उरली ती नुसती उंचावरची जमीन आणि तिच्यावर कोसळणारा पाऊस. ‘हार्ड रेन’ म्हणताना बॉब डिलनच्या गाण्याची आठवण होते, ती वेगळी. नावातच भूगोल आणि ऋण दोन्ही आले.

काळही कठीण होता. जानेवारी १९८२मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली होती. ग्लासगोजवळचा लिनवुडचा मोटार कारखाना १९८१ साली बंद पडला होता. दुसरीकडे लोकप्रिय संगीतात सिंथेसायझरचे राज्य सुरू झाले होते. ‘ह्यूमन लीग’चा ‘डेअर’ १९८१चा, ‘न्यू ऑर्डर’चे ‘ब्लू मंडे’ मार्च १९८३चे. गिटार हे कालच्या पिढीचे वाद्य ठरू पाहत होते. अशा वेळी एका मुलाने साधी लाकडी, विजेविना वाजणारी गिटार अल्बमच्या मधोमध आणून ठेवली.

त्याला पहिले दार उघडून दिले ते ग्लासगोच्या ‘पोस्टकार्ड’ या छोट्या कंपनीने. अ‍ॅलन हॉर्न हा तिचा चालक. एडविन कॉलिन्सचे ‘ऑरेंज ज्यूस’ हे तिचे पहिले बँड. ‘तरुण स्कॉटलंडचा आवाज’ हे तिचे घोषवाक्यही अमेरिकेतल्या ‘मोटाउन’ कंपनीच्या घोषवाक्यावरून उचललेले होते, आणि ते लपवण्याचा कुणाचा हेतू नव्हता. उसने घेतल्याची लाज न बाळगता उघड उसने घ्यायचे, ही त्या मंडळींची वृत्तीच होती. पंकच्या धुमाळीनंतर सोल आणि साठच्या दशकातले मधुर संगीत पुन्हा आवडून घेण्याचे धैर्य त्यांनी दाखवले.

पोस्टकार्डने १९८१मध्ये अ‍ॅझटेक कॅमेराच्या दोन छोट्या तबकड्या काढल्या : ‘जस्ट लाइक गोल्ड’ आणि ‘मॅट्रेस ऑफ वायर’. पहिलीच्या मागच्या बाजूला ‘वुई कुड सेंड लेटर्स’ होते, दुसरीच्या मागच्या बाजूला ‘लॉस्ट आउटसाइड द टनेल’. ही दोन्ही गाणी पुढे अल्बममध्ये नव्याने ध्वनिमुद्रित होऊन आली. अल्बमचे काम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबोर्नला झाले. निर्माते जॉन ब्रँड आणि बर्नी क्लार्क. पियानो आणि ऑर्गनही क्लार्कचेच. बास कॅम्पबेल ओवेन्सचा, ड्रम डेव्ह रफीचे.

एकाच गाण्याची दोन रूपे समोर असली की अभ्यासकाचे काम सोपे होते. जुने ‘वुई कुड सेंड लेटर्स’ कोरडे आहे, घाईचे आहे, खोलीत बसून वाजवल्यासारखे. नवे गाणे सावकाश उलगडते. ऑर्गन पाठीमागून भरत जातो, आणि शेवटी गिटारला मोकळे रान मिळते. चाल तीच, शब्दही जवळपास तेच. बदलली आहे ती थांबण्याची हिंमत. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या गाण्यात रिकामी जागा सोडायची भीती वाटत होती. दोन वर्षांनी ती उरली नाही. उत्स्फूर्तपणाच खरा असता तर पहिले रूप सरस ठरायला हवे होते. ते तसे नाही. हे गाणे पुन्हा पुन्हा हाताखालून गेले आहे.

अंगठा

आता गिटारीकडे वळू. पंकने तरुणांना शिकवले होते की तीन कॉर्ड पुरतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी छेडलेले तीन किंवा अधिक स्वर. फ्रेम त्या साध्या तीन स्वरांना चौथा, कधी पाचवा स्वर जोडतो. त्यामुळे कॉर्ड धड आनंदी राहत नाही की धड दुःखी; ती दोहोंच्या उंबरठ्यावर उभी राहते. ‘वॉक आउट टू विंटर’ची सुरुवात ऐका, किंवा ‘रिलीज’चा संथ आरंभ ऐका. हे स्वर पॉपचे नाहीत, जॅझचे आहेत.

ते आले कुठून? फ्रेमच्या आवडत्या वादकांत वेस माँटगोमेरी हे नाव ठळक आहे. इंडियानापोलिसचा हा जॅझ गिटारवादक (१९२३–१९६८) नोटेशन वाचू शकत नसे. चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या लावून, त्यातले सूर कानाने उचलून तो शिकला. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री वादन. पिकाऐवजी तो अंगठ्याने तार छेडी, आणि त्यातून त्याचा मऊ, गोल नाद तयार झाला.

आपल्याकडे गुरूविना शिकणाऱ्याची कथा निघाली की एकलव्य आठवतो. त्या कथेत विद्या आली आणि मग अंगठा द्यावा लागला. तबकड्यांच्या शाळेत गुरू काही मागत नाही. ख्रिश्चन १९४२ सालीच वारला होता. त्याच्याकडून माँटगोमेरी शिकला, तबकडीतून. आणि माँटगोमेरी गेला तेव्हा चार वर्षांचा असलेला एक स्कॉटिश मुलगा त्याच्याकडून शिकला, पुन्हा तबकडीतूनच. तीन माणसे, दोन खंड, एकही प्रत्यक्ष भेट नाही. याला मी परंपराच म्हणतो. घराण्याचे नाव नसले तरी शिस्त घराण्याचीच आहे : ऐका, पुन्हा ऐका, हात बसेपर्यंत ऐका.

‘ऑब्लिव्हियस’मधली गिटार, जिने मला मेक्सिकोला नेले, तीही याच शिस्तीतली. गाणे नाचायला लावणारे, ध्रुवपद एका ऐकण्यात ओठांवर बसणारे, आणि मध्येच बोटांचा तो लखलखाट. एखाद्या हुशार मुलाने तिथे मिरवून घेतले असते. फ्रेम काही क्षणांतच गिटार मागे घेतो आणि गाण्याला पुढे जाऊ देतो. हात तयार असणे आणि तो आवरता येणे, या दोन गोष्टी एकोणिसाव्या वर्षी एकत्र क्वचित सापडतात.

भिंतीवरून गळलेले चित्र

शब्दांविषयी बोलायला हवे. ‘वॉक आउट टू विंटर’ हे माझ्या मते अल्बमचे हृदय आहे. वरवर पाहता ते प्रेमगीत : सोबतिणीला थंडीत बाहेर चालायला बोलावणारे. पण त्यात ‘द क्लॅश’चा गायक जो स्ट्रमर याची चित्रे भिंतीवरून गळून पडल्याचा उल्लेख येतो. पंक बहरले तेव्हा फ्रेम तेरा वर्षांचा होता. ज्या संगीताने त्याच्या पिढीला बंड शिकवले, ते सहा वर्षांत भिंतीवरचे चित्र झाले आणि मग तेही पडले. तिथे दुसरे काय लावायचे, हा प्रश्न गाण्यात उभा राहतो. फ्रेम स्ट्रमरची थट्टा करत नाही, त्याच्या नावाने गळाही काढत नाही. उत्तर एवढेच : घरात बसू नकोस, बाहेर थंडी आहे, चल. बेकारीच्या हिवाळ्यात हे बोलणे भाबडे नाही.

ड्रमवर बसलेल्या डेव्ह रफीमुळे या गाण्याला मला आणखी एक अर्थ लागतो. रफी लंडनच्या ‘द रट्स’ या पंक बँडचा वादक. त्यांचा गायक माल्कम ओवेन १९८०च्या जुलैमध्ये अमली पदार्थांनी गेला. म्हणजे ज्या चळवळीचे चित्र गळल्याचे मुलगा गातो आहे, तिचा खरा मृत्यू जवळून पाहिलेला माणूस त्याच्या मागे ताल धरून बसला आहे. अल्बममध्ये याचा कुठे उच्चार नाही. पण रफीच्या हातात एक प्रौढ स्थैर्य आहे. मुलाच्या अधीर शब्दांना ते धरून ठेवते.

दोषही सांगितले पाहिजेत. फ्रेमला शब्दांचा हव्यास आहे. एका ओळीत दोन श्लेष आणि तीन प्रतिमा कोंबण्याचा मोह त्याला ‘द बॉय वंडर्स’सारख्या गाण्यात आवरत नाही, गाणे धावते आणि अर्थ मागे राहतो. हाताला जो संयम आला होता तो जिभेला अजून यायचा होता. ‘पिलर टू पोस्ट’ १९८२मध्येच स्वतंत्रपणे निघाले होते आणि त्याची चमक थोडी बाजारू वाटते. आवाजही मोठा नाही. ताणला की पातळ होतो. पण या उणिवा शिकणाऱ्याच्या आहेत, आणि ज्याला हा अल्बम झरा वाटतो त्याला त्या दिसणारच नाहीत. उणिवा न दिसणे ही कौतुकाची मोठी उणीव आहे.

अल्बम ब्रिटनच्या यादीत २२व्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या, मोठ्या कंपनीने पुन्हा काढलेले ‘ऑब्लिव्हियस’ १८व्या क्रमांकावर पोचले. १९८८मध्ये ‘समव्हेअर इन माय हार्ट’ने बँडला तिसरा क्रमांक मिळवून दिला. लोकप्रियतेच्या हिशेबात पहिला अल्बम ही सुरुवातच ठरते. तरीही २०१३ साली, तीस वर्षांनी, फ्रेमने लंडन, मँचेस्टर आणि ग्लासगोच्या रंगमंचांवर तो अखंड वाजवला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला एकोणिसाव्या वर्षीची गाणी गाताना अवघडल्यासारखे व्हायला हवे. ती नुसत्या वयाच्या जोरावर उभी असती तर झालेही असते.

अल्बम संपतो तो ‘डाउन द डिप’ने. ऑर्गन नाही, कोरस नाही, थाट नाही. जवळपास नुसती गिटार आणि आवाज. दोन-सव्वादोन मिनिटांत आटोपते. नऊ गाण्यांत जे कमावले ते दहाव्यात बाजूला ठेवून मुलगा एकटा उभा राहतो.

मामांची ती कॅसेट आता चालत नाही. फीत चिकटली आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या पट्टीवर ‘अ‍ॅझटेक कॅमेरा’खाली अल्बमचे नाव आणि ‘१९८३’ असे लिहिले. एवढी नोंद करायला मला पस्तीसहून अधिक वर्षे लागली. मध्ये शिकवायला कुणी नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही.