पात्रता आणि ओळख : राष्ट्रीय संघातील खेळाडूच्या प्रश्नाचे वऱ्हाडातून एक विवेचन

१

२०२५ च्या मार्च महिन्यात नागपूरजवळ जामठा येथील मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना संपला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तो करंडक तिसऱ्यांदा मिळविला. अमरावती-अकोल्याकडे या विजयाचा आनंद झाला, तो स्वाभाविकच होता. परंतु त्या सामन्यातील दोन नावे अभ्यासकाने जरा निराळ्या दृष्टीने पाहावी अशी आहेत. विदर्भाकडून पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा काढणारा करुण नायर हा जन्माने जोधपूरचा, कुळाने केरळचा आणि क्रिकेटच्या शिक्षणाने कर्नाटकाचा. उलट केरळकडून ७९ धावांची चिवट खेळी करणारा आदित्य सरवटे हा नागपूरचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा खेळाडू तोच. केरळचा मुलगा विदर्भासाठी केरळशी लढला आणि विदर्भाचा मुलगा केरळसाठी विदर्भाशी लढला. दोघेही नियमाने पात्र होते. मग त्या दिवशी ‘आपला’ कोण होता?

हा प्रश्न प्रांताच्या पातळीवर आपण हसून सोडून देतो. राष्ट्राच्या पातळीवर, विशेषतः आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये, तो इतका सोपा राहत नाही. तेथे या प्रश्नावर दोन टोकाची मते नेहमी मांडली जातात. एका मते खेळाडूचे राष्ट्र त्याच्या रक्तावरून व जन्मभूमीवरून ठरते. दुसऱ्या मते ते त्याच्या पारपत्रावरून ठरते आणि बाकी सर्व भावनेचा पसारा होय. आमच्या मते ही दोन्ही मते एकच चूक करतात : ती पात्रता आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी एक मानतात. ही चूक कोठे होते आणि तिची किंमत कोणास मोजावी लागते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

२

प्रथम नियमाचा विचार करू. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फिफाचा, नियम नागरिकत्वापासून सुरू होतो, पण तेथे थांबत नाही. नव्याने एखाद्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूला त्या देशाशी आणखी एखादा धागा दाखवावा लागतो. तो स्वतः तेथे जन्मलेला असावा, आई किंवा वडील तेथे जन्मलेले असावेत, आजा किंवा आजी तेथे जन्मलेली असावी, अथवा त्याने तेथे ठरावीक वर्षे वास्तव्य केलेले असावे. प्रौढ वयात आलेल्यासाठी ही मुदत पाच वर्षांची आहे.

हा नियम कशासाठी झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. एकेकाळी येथे फारसे बंधन नव्हते. आल्फ्रेडो दि स्तेफानो अर्जेंटिनासाठी खेळला आणि पुढे स्पेनसाठीही खेळला. हंगेरीचा पुश्काश १९५४ च्या विश्वचषकात हंगेरीकडून आणि १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला. पुढे असा संघबदल बंद करण्यात आला. २००४ मध्ये कतारने आपल्याशी कोणताही पूर्वसंबंध नसलेल्या ब्राझीलच्या खेळाडूंना नागरिकत्व देऊन संघात घेण्याचा विचार केला, तेव्हा फिफाने देश व खेळाडू यांच्यात स्पष्ट नाते असलेच पाहिजे असा दंडक घातला. २०२० मध्ये तो किंचित सैल झाला. एकविसाव्या वर्षापूर्वी वरिष्ठ संघाकडून तीनहून अधिक सामने न खेळलेल्यास, तीन वर्षे लोटल्यावर आणि काही अटींवर, संघ बदलण्याची मुभा मिळाली. तात्पर्य, राष्ट्रीय संघ ही बाजारात विकत मिळणारी वस्तू होऊ नये एवढाच या नियमाचा हेतू आहे. खेळाडू अंतर्यामी कोण आहे हे सांगण्याचा दावा तो करीत नाही. त्याने तसा दावा केला असता तर तो पहिल्याच उदाहरणात खोटा ठरला असता.

ते उदाहरण बोआटेंग बंधूंचे. दोघांचे वडील एकच, घानाचे. दोघांचा जन्म एकाच शहरात, बर्लिनमध्ये. तरीही २०१० च्या विश्वचषकात जेरोम जर्मनीकडून आणि केव्हिन-प्रिन्स घानाकडून परस्परांविरुद्ध खेळले. येथे पित्याकडून आलेले रक्त तेच, जन्मस्थानही तेच. मग भेद कशाने पडला? केवळ निवडीने. नियमाने दोघांपुढे दोन दारे उघडी ठेवली. कोणत्या दारातून आत जायचे हे त्याने सांगितले नाही. २०२२ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते, याचाही अर्थ हाच.

३

भारतापुरते बोलायचे तर आपला नियम फिफाच्या नियमाहून कडक आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परदेशस्थ भारतीयांना २००५ नंतर मिळू लागलेली विशेष नोंदणी म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि २००८ पासून राष्ट्रीय संघात केवळ भारतीय नागरिकांनाच स्थान देण्याचे शासनाचे धोरण आहे. त्यामुळे अकोल्यात जन्मलेल्या आईवडिलांचा मुलगा परदेशात वाढून तेथील नागरिक झाला असेल, तर फिफाच्या दृष्टीने भारताशी त्याचे नाते निर्विवाद असूनही ते पारपत्र टाकल्यावाचून त्याला भारतासाठी खेळता येणार नाही. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय पित्याचा पुत्र आराता इझुमी पुण्याच्या संघाकडून खेळत असे. जपानी नागरिकत्व सोडून तो भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. ज्याच्या आईचे कुळ मुंबईचे, त्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले.

या कडकपणात एक गुण आहे. तो खेळाडूकडून किंमत मागतो, आणि किंमत मोजून केलेली निवड सहसा खोटी नसते. पण त्यात एक विषमताही आहे, आणि ती गोमंतकाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईत खेळणारा गोमंतकीय होता. त्या वर्षी गोवा अद्याप पोर्तुगीज सत्तेखाली होता. तो मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. ज्या भूमीवर भारताचे राज्य नव्हते त्या भूमीच्या वंशजाला भारताने निःशंकपणे आपला मानले, आणि त्याने ते नाते मैदानावर सिद्ध केले. आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. पोटापाण्यासाठी ते घेणारा गोमंतकीय तरुण भारतीय संघाला कायमचा मुकतो. तो गोव्यातच जन्मला, तेथेच चेंडू खेळायला शिकला, हे सर्व असूनही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. परंतु त्यावरून ‘तो भारतीय उरला नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण कायद्याचे वाक्य उच्चारीत नसतो. एका माणसाच्या ओळखीविषयी निवाडा देत असतो, आणि तो देण्याचा अधिकार कायद्याने आपणास दिलेला नाही.

४

कायद्याची नोंद आणि माणसाची ओळख यांतील हे अंतर वऱ्हाडाने फार पूर्वी अनुभवले आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन हुतूतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, ही गोष्ट अमरावतीकर अभिमानाने सांगतात. पण त्या पथकातील तरुण कायद्याने कोणाचे होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ च्या कराराने तो सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला व १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडण्यात आला. पण निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम राहिले. बर्लिनचे सामने ऑगस्टमध्ये संपले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेल्या नव्या कराराने वऱ्हाडावरील निजामाचे स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले. म्हणजे भूमीचा स्वामी हैदराबादेस, कारभार नागपूरहून चाललेला आणि साम्राज्य लंडनचे. या तिहेरी दप्तरात ‘भारत’ नावाचे राष्ट्र कोठेच नव्हते. तरीही बर्लिनमध्ये त्या तरुणांनी जे दाखविले ते भारताचे म्हणूनच दाखविले. ते स्पर्धेत उतरले नव्हते. त्यामुळे त्यांच्या पात्रतेचा प्रश्नच उद्भवला नाही. कदाचित म्हणूनच त्यांची ओळख इतकी स्वच्छ उमटली.

खेळातील ‘विदर्भ’ हीदेखील अशीच एक ओळख होय. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी करंडकात आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, पण मैदानावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ निराळेच राहिले. एका पारपत्राचे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड फुटबॉलमध्ये चार संघ म्हणून उतरतात, त्याच जातीची ही व्यवस्था आहे. तेथेही पारपत्र निरुपयोगी ठरल्यामुळे जन्म आणि वंश यांच्या जोडीला त्या भूमीवर घेतलेले पाच वर्षांचे शालेय शिक्षण हा धागा मान्य करावा लागला. शिक्षणाने माणूस एखाद्या भूमीचा होतो, ही कबुली एका रूक्ष नियमाने दिली, हे विद्यापीठात काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

५

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. बाहेरून आलेल्यास एक जागा दिली की अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एका मुलाची जागा जाते. ‘ओळख घडते’ हे तत्त्व त्याच्या काय उपयोगाचे? आक्षेप खरा आहे. तथापि वस्तुस्थिती एकेरी नाही. ज्या काळात नायर विदर्भात आला, त्याच काळात अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाकडून खेळत होता. आणि अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघापर्यंत पोचून २०२५ मध्ये स्वतःच बडोद्याच्या संघात गेला. नायरही पुढल्याच हंगामात कर्नाटकात परतला. प्रांतिक संघातील ये-जा ही एका हंगामाच्या कराराची व ना-हरकत प्रमाणपत्राची बाब आहे. राष्ट्रीय संघाची निवड मात्र जवळजवळ परत न घेता येणारी असते. म्हणून प्रांतात सैल आणि राष्ट्रात कडक नियम असावा, हे योग्यच होय. स्थानिक मुलाचे हित पाहुण्याला हिणवून साधत नाही. त्याच्या तालुक्यात मैदान आणि शिक्षक असण्याने ते साधते.

मग ओळखीची कसोटी कोणती? आमच्या मते ती विजयात नव्हे, पराभवात लागते. तुर्की वंशाचा, जर्मनीत जन्मलेला मेसुत ओझिल २०१४ मध्ये विश्वविजेत्या जर्मन संघात होता. २०१८ मध्ये जर्मनी पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर त्याच्या निष्ठेविषयी शंका काढण्यात आली आणि त्याने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकल्यावर आपण जर्मन आणि हरल्यावर परके ठरतो, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या पात्रतेत चार वर्षांत तिळमात्र फरक पडला नव्हता. बदलला होता तो समाजाचा स्वीकार. पात्रता एका बाजूने देता येते. ओळख मात्र दोन बाजूंनी घडते : खेळाडूच्या निवडीने आणि समाजाच्या स्वीकाराने. पैकी दुसरी बाजू आपली आहे. जामठ्यावर आपण नायरला आपले म्हटले खरे, पण त्या दिवशी आपण जिंकलो होतो. तो पहिल्याच चेंडूवर बाद होऊन करंडक गेला असता, तर आपण काय म्हटले असते, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःशी द्यावे.

मराठीच्या अभ्यासकाला हे उत्तर कठीण जाऊ नये. महानुभाव परंपरेनुसार श्रीचक्रधरस्वामी जन्माने गुजरातचे, भडोचचे. वऱ्हाडातील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात ते आले, मराठीतून बोलले, आणि त्यांच्या त्या बोलण्याच्या आठवणींतून म्हाइंभटांनी याच रिद्धपुरात, इ. स. १२७८ च्या सुमारास, मराठीतील आद्य गद्य चरित्र सिद्ध केले. त्यांचे जन्मस्थान ठाऊक असूनही त्यांना परके म्हणण्याचे कोणा मराठी माणसाच्या मनात येत नाही. ज्या भूमीने आपल्या भाषेचे पहिले मोठे गद्य एका गुजराती जन्माच्या पुरुषाच्या मुखातून ऐकले, त्या भूमीने खेळाडूला त्याचे गाव विचारावे. परंतु ते विचारताना त्याला दाराबाहेर उभे करू नये.