वसईचा तह आणि पुण्याची इंग्रजी वकिलात : पत्रव्यवहाराच्या अंगाने एक परीक्षण

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसई येथे दुसरा बाजीराव व इंग्रज कंपनी यांच्यात जो तह झाला, त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग बाजीरावाच्या स्वभावाचे. दुसरे तैनाती फौजेचे व तिच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या २६ लक्षांच्या मुलखाचे. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु तह हा अखेर एक लेख आहे, तो कोणीतरी लिहितो, कोणत्या तरी दप्तराच्या आधारे लिहितो, आणि त्याच्या रचनेत लिहिणाऱ्या संस्थेचा स्वभाव उतरलेला असतो, या गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. न. चिं. केळकरांच्या ‘मराठे व इंग्रज’ (१९१८) या ग्रंथापासून दोन राज्यांच्या कर्तबगारीची तुलना पुष्कळ झाली. दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या लेखनाची, लेखन म्हणून, तुलना त्या मानाने थोडी झाली. ती करण्याची साधने मात्र उपलब्ध आहेत. जदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३६ पासून प्रसिद्ध झालेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड एका बाजूस, आणि राजवाडे, खरे, पारसनीस यांनी प्रकाशात आणलेली मराठी पत्रे दुसऱ्या बाजूस, असा हा संभार आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने विचार करावयाचा आहे.

१

प्रथम स्थळाचा विचार केला पाहिजे. कारण वसई हे नाव या कथेत केवळ योगायोगाने येत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. हा शेजार बदलताच मुंबईकर इंग्रजांनी एकाच वर्षी दोन वकील रवाना केले. कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजी आप्पांकडे आला व जुलै १७३९ मध्ये त्याने व्यापाराच्या सवलतींचा करार मिळविला. कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांकडे गेला. त्याच्यावर सोपविलेले काम निराळे होते. दरबारात पेशव्यांविषयी मत्सर कितपत आहे हे पाहावे व जमल्यास तो वाढवावा, असा त्याच्या पाठवणीचा हेतू होता. एक वकील करार करतो आणि दुसरा त्याच वेळी त्या राज्यातील भेगा तपासतो. पुढील ऐंशी वर्षांत इंग्रजी वकिलातीने जे काम केले त्याची ही दोन्ही अंगे आरंभीच स्पष्ट दिसतात.

१७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन पुण्यास येऊन राहिला, तो साष्टी व वसई कंपनीच्या पदरात पडावीत या प्रमुख इच्छेने. ते बोलून साधले नाही, तेव्हा १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यावर हल्ला केला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी व वसई कागदावर देऊन टाकली. डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई लढून घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे पुण्यात इंग्रजांचा वकील प्रथम बसला तो ज्या ठाण्याच्या लोभाने, त्याच ठाण्यात पुढे तीस वर्षांनी पुण्याचा धनी आश्रयास आला. या दोन घटनांच्या दरम्यान जी संस्था वाढली, ती संगमावरची रेसिडेन्सी होय.

२

सालबाईनंतर चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुण्यास आला व १७९७ पर्यंत राहिला. त्याच्यामागून पामर, १८०१ पासून क्लोज आणि १८११ पासून एल्फिन्स्टन. संपादकांनी या खंडांना त्या त्या वकिलाचे नाव दिले आहे, आणि वाचकाची दृष्टी साहजिकच व्यक्तीवर खिळते. मॅलेट सावध, पामर जुन्या वळणाचा व देशी दरबारांविषयी सहानुभूती बाळगणारा, क्लोज काटेकोर, एल्फिन्स्टन विद्याव्यासंगी, अशी चित्रे मनात उमटतात. ती खोटी नाहीत. तरीही हे खंड सलग वाचले असता जे अधिक ठसते ते या व्यक्तींचे वेगळेपण नव्हे, तर त्यांच्या लेखनाचे सातत्य होय. माणूस बदलतो, पत्राचा घाट बदलत नाही. तारीख, मागील पत्राची पोच, दरबारातील हालचाल, बातमी कोणाकडून आली व ती कितपत भरवशाची, आणि शेवटी वरिष्ठांची आज्ञा काय याची विचारणा. असे पत्र एकाच वेळी दोन वाचकांसाठी लिहिलेले असते. एक कलकत्त्यास बसलेला गव्हर्नर-जनरल. दुसरा, आणि हाच अधिक महत्त्वाचा, आपल्या जागी उद्या येणारा अनोळखी उत्तराधिकारी. क्लोज म्हैसूरहून पुण्यास आला तेव्हा मॅलेटची सारी दहा-अकरा वर्षे दप्तराच्या रूपाने त्याच्यासमोर तयार होती.

या लेखनाची स्तुती करताना एक भान सुटू नये. रेसिडेंटच्या इंग्रजी वाक्यामागे मराठी व फारसी लिहिणारे मुनशी, अखबारनवीस आणि हरकारे उभे आहेत. त्यांची नावे क्वचितच पुढे येतात. पण माहितीचे मूळ पुष्कळदा त्यांचेच असते. ‘इंग्रजांची दृष्टी’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ती पुष्कळ अंशी एतद्देशीयांची नजर असून तिला इंग्रजी दप्तराने शिस्त लावलेली आहे. संशोधकाने श्रेय देताना नजर व शिस्त यांत भेद केला पाहिजे.

३

आता मराठी बाजू. मराठ्यांपाशी वकिलांची वाण होती असे समजणे हे साधनांच्या अज्ञानाचे लक्षण आहे. दिल्लीस हिंगणे घराण्याने पिढ्यानुपिढ्या वकिली केली. निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. इंग्रजी वकिलाशी बोलणे चालविण्याचे काम नाना फडणीसांनी बहिरोपंत मेहेंदळे यांजकडे दिले होते. १७९३ मध्ये गोविंदराव काळ्यांनी नानांस लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. अटकेपासून समुद्रापर्यंतचा सारा प्रदेश एका दृष्टीत घेणारा तो लेख केवळ बातमीपत्र नाही, त्यात राज्याची कल्पना आहे. मॅलेटच्या कोणत्याही पत्राशी तो विचाराच्या आवाक्यात बरोबरी करील. वाङ्मयीन तेजात तर सरसच ठरेल.

मग ‘मराठी वकिली पत्रे अपुरी, तुटक व बाजारबातम्यांनी भरलेली’ असा आक्षेप का घेतला जातो? त्याचे उत्तर पत्राच्या घाटात आहे. मराठी वकिलाचे पत्र हे संपूर्ण निवेदन नसतेच. ते अर्धे संभाषण असते. महत्त्वाचा मजकूर जासूद वा कारकून मुखजबानी सांगणार, असे गृहीत धरूनच ते लिहिलेले असते. पत्र वाटेत शत्रूच्या हाती पडेल ही भीती खरी होती, आणि तिच्यावर हा उपाय शहाणपणाचा होता. परंतु त्याचा परिणाम असा की, लिहिणारा व वाचणारा हे दोघे हयात आहेत तोवरच त्या पत्रास पूर्ण अर्थ राहतो. त्यांच्यामागून उरतो तो सांगाडा. आज त्यावरून मराठ्यांच्या मुत्सद्देगिरीची उंची मोजणे म्हणजे एका बाजूचे बोलणे ऐकून संवादाची परीक्षा करण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट दप्तराच्या जागेची. हिंगण्यांचे दप्तर हिंगण्यांच्या घरी. नानांचे दप्तर मेणवलीच्या वाड्यात. राज्याचा परराष्ट्रव्यवहार ज्या कागदांत नोंदला गेला, ते कागद राज्याच्या मुत्सद्द्याची घरगुती ठेव झाले. मराठी वकिलातीस बुद्धी होती, निष्ठा होती, भाषा होती. तिला माणसापलीकडची स्मृती नव्हती. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्या दिवशी पुण्याने एक मुत्सद्दी गमावला हे सर्वजण सांगतात. पण त्याबरोबरच गावोगावच्या वकिलांच्या पत्रांनी आपला वाचकही गमावला. अर्ध्या लिहिलेल्या त्या पत्रांचा उरलेला अर्धा भाग ज्यांच्या मनात होता, ते मनच उरले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. इंग्रजांचे यश तोफा, कवायती पलटणी व महसूल यांचे. त्यात पत्रलेखनाचा पाड तो काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. १८०३ च्या लढाया पत्रांनी जिंकल्या नाहीत. परंतु कोणत्या दिवशी, कोणत्या माणसास, कोणती अट पुढे करावी, हे तोफेला कळत नाही. वसईचा प्रसंग याचेच उदाहरण आहे.

४

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला. लढाईच्याच दिवशी, बाजीराव पुणे सोडीत असता, तैनाती पलटणी घेण्याचे कच्चे कबुलीपत्र क्लोजच्या हाती पडलेले होते. सोळा वर्षे संगमावर बसून राहिल्याचे फळ ते हेच. बाजीराव सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असा कोकणात उतरून डिसेंबरच्या मध्यास समुद्रमार्गे वसईस पोहोचला. यशवंतरावांनी क्लोजला मध्यस्थीसाठी पुण्यात थांबविण्याचा प्रयत्न केला. पण तो मुंबईस निघून आला व तेथून वसईस गेला. पंधरवड्यात तह झाला.

पंधरवड्यात एवढा तपशीलवार तह कसा लिहिला गेला? याचे उत्तर तहाच्या संहितेत आहे. ऑक्टोबर १८०० मध्ये हैदराबादेस निजामाशी झालेला तह शेजारी ठेवून वसईचा तह वाचावा. तैनाती फौज, तिच्यासाठी तोडलेला मुलूख, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसांस चाकरीस न ठेवणे, शेजारच्या राज्यांशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मान्य करणे : सारा साचा आधीच तयार होता. वसईस नवे लिहावे लागले ते थोडे. क्लोज एकटा आला नव्हता. हैदराबादचा अनुभव त्याच्या पेटीत होता. उलट बाजीरावाबरोबर त्याच्या आजोबा-पणजोबांच्या तहांची परंपरा सांगणारे कोणते दप्तर होते? त्याच वसईत इंचबर्ड चिमाजी आप्पांकडे सवलती मागावयास आला होता, याची जाणीव करून देणारा एकही कागद त्या बैठकीत पेशव्यांच्या बाजूने पुढे आला असेल असे वाटत नाही.

या तहातील सर्वांत दूरगामी कलम कोणते? माझ्या मते फौजेचे नव्हे. पलटणी वाढतात, कमी होतात. मुलखाची अदलाबदल होते. तहाच्या उत्तरार्धात एक कलम आहे. त्याने पेशव्यांनी कबूल केले की, यापुढे कंपनी सरकारास आधी कळविल्यावाचून व त्यांच्याशी विचारविनिमय केल्यावाचून कोणत्याही दुसऱ्या सत्तेशी बोलणे आरंभावयाचे नाही, आरंभलेले पुढे चालवावयाचे नाही. भाषा स्नेहाची आहे. दोन्ही राज्यांचे ऐक्य इतके निकट की दुजाभाव नसावा, असा तिचा सूर. अर्थ मात्र हा की पेशव्यांच्या वकिलाने जे बोलावयाचे ते प्रथम इंग्रज वकिलास सांगून बोलावयाचे. हिंगणे, काळे यांच्या परंपरेचा शेवट त्या वाक्यात झाला. जी वकिलात पेशव्यांच्या दरबारात परकी म्हणून आली होती, ती त्या दरबाराच्या वाणीची पहारेकरी झाली.

उरलेले काम १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पुरे केले. इतर दरबारांतील पेशव्यांचे वकील उठवावेत, इतरांचे वकील पुण्यास ठेवू नयेत आणि परराज्यांशी सर्व व्यवहार रेसिडेंटमार्फत व्हावा, असे त्यात उघड शब्दांत आले. वसईच्या तहातील स्नेहाच्या भाषेचा अर्थ काय होता, हे पंधरा वर्षांनी त्याच दप्तराने अशा रीतीने उलगडून सांगितले.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या वेळी संगमावरच्या रेसिडेन्सीस आग लावण्यात आली व एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह जळाला. त्या आगीत संतापाची तृप्ती होती. परंतु वकिलातीचे काम तीमुळे एक दिवसही अडले नाही, कारण तिची स्मृती त्या बंगल्यांत साठविलेली नव्हती. पत्रे कलकत्त्यास व मुंबईस केव्हाच पोहोचली होती.

५

या विवेचनातून मराठी मुत्सद्द्यांवरील ‘अदूरदर्शी’ हा ठपका जसाच्या तसा टिकत नाही. दूरदृष्टी होती, ती पुढच्या माणसाच्या हाती देण्याची व्यवस्था नव्हती. हा भेद शाब्दिक नाही. पहिले निदान स्वीकारले तर आपण व्यक्तींना दोष देत बसतो व बाजीरावापाशी थांबतो. दुसरे स्वीकारले तर बाजीरावाच्या आधीच्या, नानांच्या वैभवकाळाचेही परीक्षण करणे भाग पडते. कारण उणीव त्या काळातच होती, फक्त नानांच्या तोलामोलामुळे ती झाकली गेली होती. नानांविषयी आदर बाळगूनही हे म्हणता येते, व म्हटले पाहिजे.

पदव्युत्तर अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार व मराठी वकिली पत्रे यांचे वाचन आपल्याकडे वेगवेगळ्या विषयांत वाटले गेले आहे. पहिले इतिहासाकडे, दुसरे गद्याच्या इतिहासाकडे. एकाच प्रसंगावरची, एकाच आठवड्यातील दोन्हीकडची पत्रे समोरासमोर ठेवून, कोणी काय पाहिले, काय लिहिले आणि काय मुद्दाम लिहिले नाही, याचा तौलनिक अभ्यास झाला पाहिजे. १७९० च्या टिपूविरुद्धच्या कराराचा प्रसंग त्यास विशेष सोयीचा आहे, कारण त्या वेळी नाना व मॅलेट दोघेही आपापल्या जागी समर्थ होते आणि पारडी अजून समतोल होती. वसईच्या तहाचा विचार तेथून सुरू केल्यास, १८०२ च्या अखेरच्या दिवशी नेमके काय हरवले हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.