सोम आणि कक्कय्या

ए. के. रामानुजन १९९३ साली शिकागोत वारले. तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यानंतर तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांचा 'सोमा' हा इंग्रजी कवितासंग्रह निघाला. १९७१ मध्ये त्यांनी मेस्कलिन हे नशेचं द्रव्य घेऊन पाहिलं, नोंदी ठेवल्या, आणि वेदातला सोम कवितेत शिरला.

कविता वाईट नाहीत. हे आधीच सांगतो, नाहीतर आपले काही मित्र न वाचताच शिव्या द्यायला मोकळे! रामानुजन सोमाची आरती करत नाहीत. त्याला यज्ञातून उचलून माणसाच्या भुकेत, झोपेत आणून बसवतात, चेष्टाही करतात. पण ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल ज्या सोमाचं, तो वेद शूद्रानं मुद्दाम ऐकला तर कानात शिसं ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. म्हैसूरच्या अय्यंगार घरातल्या कवीला सोमाशी खेळता येतं, कारण तो घरचाच. या गोष्टीची ठेच त्यांच्या कवितेला लागत नाही. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, इकडं मुंबईत 'गोलपिठा' आलं, पँथर उभी राहिली. नशा ढसाळांकडेही होतीच. तिच्यासाठी कुणा ऋषीनं मंडल रचलं नव्हतं.

माझं खरं भांडण अनुवादक रामानुजनांशी. कारण माणूस मोठा. त्यांचा रामायणांवरचा निबंध २०११ मध्ये दिल्ली विद्यापीठानं अभ्यासक्रमातून काढला, तेव्हा बाजू त्यांचीच घ्यावी लागते. त्यांच्या 'स्पीकिंग ऑफ शिवा'मुळे (१९७३) कानडी वचनं इंग्रजी जगात पोचली. पण त्यात कवी चारच: बसवण्णा, दासिमय्या, महादेवी अक्का, अल्लम. विणकर आहे, बाई आहे. मादार चेन्नय्या नाही. ढोर कक्कय्या नाही. कल्याणमधलं ते लग्न, अस्पृश्याच्या पोराचं ब्राह्मणाच्या पोरीशी, ज्यानं शहर पेटलं, ते प्रस्तावनेत येतं. म्हणजे आमचा माणूस मरायला इतिहासात, बोलायला पुस्तकात नाही! निवडीचा हक्क अनुवादकाचा, मान्य. पण कक्कय्याची वचनं थोडी का होईना, शिल्लक आहेत. धारावीत त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना तो कवी होता हे ठाऊक आहे?

'सोमा' मिळालं तर वाचा, विकत घ्यायची घाई नको. सोलापूर-अक्कलकोटकडच्या कानडी येणाऱ्या साथींनी कक्कय्या, चेन्नय्या थेट कानडीतून मराठीत करून पाठवावेत. पुढच्या अंकात चार पानं राखून ठेवायला मी संपादकांना सांगितलंय.