‘एलियस ग्रेस’ : स्त्री, सत्ता आणि गुन्ह्याची नोंद

गुन्ह्याची व्याख्या कायदा करतो. परंतु कोणत्या मृत्यूची चौकशी व्हावी, हे अनेकदा समाजातील सत्तासंबंध ठरवितात. मार्गारेट ॲटवूड यांची ‘एलियस ग्रेस’ (१९९६) ही कादंबरी या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

कादंबरीस प्रत्यक्ष घटनेचा आधार आहे. १८४३ मध्ये कॅनडातील टोरांटोजवळ थॉमस किनिअर व त्याचे घर सांभाळणारी नॅन्सी माँटगोमेरी यांचा खून झाला. जेम्स मॅकडरमॉट या नोकरास फाशी देण्यात आली. ग्रेस मार्क्स या १६ वर्षांच्या मोलकरणीची फाशी जन्मठेपेत बदलली व १८७२ मध्ये तिला माफी मिळाली. किनिअरच्या खुनाबद्दल दोघांना देहदंड ठोठावल्यावर नॅन्सीच्या खुनाचा खटला अनावश्यक मानला गेला. मालकाचा मृत्यू न्यायालयापुढे आला; नॅन्सीचा आला नाही.

या वास्तवाशेजारी लेखिकेने मेरी व्हिटनी या मोलकरणीची कल्पित कथा ठेवली आहे. मालकिणीच्या मुलाने फसविलेली मेरी गर्भपातानंतर मरण पावते आणि घराण्याच्या अब्रूसाठी मालकीण ते प्रकरण दडपते. नॅन्सीही मालकापासून गरोदर असते. पळून जाताना ग्रेस मेरीचेच नाव धारण करते. शीर्षकातील ‘ऊर्फ’ या अर्थाचा शब्द त्यामुळे तिघींची समान अवस्था सूचित करतो. याउलट, ग्रेसचे मन तपासणाऱ्या डॉ. सायमन जॉर्डनचे घरमालकिणीशी संबंध जडतात. ती पतीच्या हत्येचा बेत सुचविते, तेव्हा तो गाव सोडून निघून जातो. अशी वाट मोलकरणीस उपलब्ध नसते.

ग्रेसला मिळालेली सवलतही निखळ न्याय ठरत नाही. कोवळे वय, स्त्रीसुलभ दुर्बलता व मंदबुद्धी या कारणांस्तव तिच्यासाठी दयेची याचना झाली. म्हणजे जीव वाचविण्यासाठी तिला दुर्बल ठरावे लागले. मॅकडरमॉटला तोही आधार नव्हता. मात्र तो मुख्यतः ग्रेसच्या निवेदनातूनच दिसतो; त्याच्या वर्गीय कोंडीस पुरेसा स्वर मिळत नाही, ही कादंबरीची मर्यादा होय.

ग्रेस दोषी की निर्दोष, हे कादंबरी अनिर्णित ठेवते. या अनिर्णयास केवळ रहस्यनिर्मितीचे तंत्र समजणे अपुरे ठरेल. ग्रेसविषयीचा निकाल हाती येताच वाचकाचे समाधान झाले असते आणि मेरी व नॅन्सी यांच्या मृत्यूंचा प्रश्न पुन्हा मागे पडला असता.