पावागढ: नावाच्या गोष्टी आणि डोंगराचं पाणी

पावागढावरचा कुठलाही लेख उघडा, त्यात तीन गोष्टी हमखास सापडतात: कालिकामातेचं देऊळ, पताई रावळाची दंतकथा आणि महमूद बेगड्याने १४८४ मध्ये घेतलेला किल्ला. २००४ मध्ये चांपानेर-पावागढ जागतिक वारसा यादीत गेल्यापासून मशिदी, तटबंदी, टाकी यांच्यावरही बरंच चांगलं लिहिलं गेलं. पण खुद्द डोंगर मात्र या लेखनात पडद्यासारखा मागे टांगलेला असतो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

साधी उंचीच घ्या. एका ठिकाणी २,५०० फूट, दुसऱ्या ठिकाणी ८०० मीटर, तिसऱ्या ठिकाणी ८२२ मीटर. आकडा समुद्रसपाटीपासून की पायथ्यापासून, हे बहुतेक जण सांगतच नाहीत. हलोलचं मैदान काही समुद्राच्या पातळीवर नाही, त्यामुळे दोन्ही मापांत चांगला फरक पडतो. माची, मौलिया पठार आणि त्यावरचं शिखर अशा पायऱ्या असलेल्या डोंगराचं वर्णन करताना एवढं तरी नेमकं हवं.

नावाचंही तसंच. एक गोष्ट सांगते की विश्वामित्रांची गाय दरीत पडली, दरी भरायला पर्वत आणला, त्याचे तीन हिस्से जमिनीत गेले आणि पाव हिस्सा वर राहिला. दुसरी व्युत्पत्ती ‘पावक’ म्हणजे अग्नी. संस्कृत लेखनात पावकगढ, पावकदुर्ग अशी रूपं आहेतच. तिसरी ‘पवन’. शिवाय आपल्या मराठी कानाला ‘नवसाला पावणारी’ ऐकू येतं ते वेगळंच! या सगळ्या कथा नोंदवायलाच हव्यात, त्या लोकांच्या आहेत. आक्षेप आहे तो अलीकडच्या एका जोडकामाला: ‘हा ज्वालामुखी होता, पूर्वजांना ते माहीत होतं, म्हणून पावकगढ.’ दख्खनच्या लाव्ह्याचा काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो पाहायला माणूस कुठे होता? संस्कृत रूपावरून त्या काळचे लिहिणारे नावाकडे कसं पाहत होते ते कळतं; भूशास्त्राचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

भूशास्त्र जे सांगतं ते दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही. खाली काळ्या बेसाल्टचे थर आणि माथ्याकडे रायोलाइटसारखा फिकट, सिलिकायुक्त खडक. असा माथा दख्खनच्या डोंगरांत सर्रास दिसत नाही, म्हणून अभ्यासक एकोणिसाव्या शतकापासून इथे येत आहेत. आजूबाजूचा लाव्हा झिजून गेला आणि पावागढ उरला. म्हणजे गोष्टीतला ‘पाव’ हिस्सा खरा मानायचाच, तर बाकीचा जमिनीत गडप झालेला नाही, वाहून गेला आहे.

वाहून जाण्यावरूनच हवामानाकडे येतो. खंभातच्या आखाताकडून येणारं पावसाळी वारं सपाट मुलखावरून सरकत येतं आणि या एकट्या डोंगराला अडून वर चढतं. वर चढलं की थंड होतं; श्रावणात माचीवरून वर बघा, देऊळ ढगात असतं. सातशे मीटर चढल्यावर हवेत साधारण चार-पाच अंशांचा फरक पडतो. उतारावर पडलेलं पाणी ओढ्यांनी विश्वामित्रीत येतं, आजव्याचं सयाजी सरोवरही याच पाणलोटात आहे. तेच पाणी बडोद्यात कमाटीबागेजवळून, काळ्या घोड्याच्या पुलाखालून ढाढर नदीकडे जातं. २०१९ आणि २०२४ चे पूर ज्यांच्या घरात शिरले, त्यांना हा भूगोल शिकवायची गरज नाही. पण पुरावरच्या लेखनात पावागढ नसतो आणि पावागढावरच्या लेखनात पूर नसतो.

याचं एक कारण मला जुन्या कागदांच्या मांडणीत दिसतं. अठराव्या शतकात पावागढ शिंद्यांकडे गेला. १८५३ मध्ये पंचमहालांचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६१ मध्ये अदलाबदलीत तो मुलूख कायमचा त्यांचा झाला. बडोदं राहिलं गायकवाडांचं. त्यामुळे मुंबई गॅझेटियरमध्ये पावागढ खेडा-पंचमहालांच्या १८७९ च्या खंडात आणि बडोदं १८८३ च्या वेगळ्या खंडात. नदीचा उगम एका पुस्तकात, शहर दुसऱ्यात! राज्यं गेली, तरी आपण अजून त्याच खंडांच्या कडेने लिहितो. आज जिल्हेही दोन आहेत, म्हणजे सबब तयारच.

गॅझेटियर लिहिणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना हद्दीप्रमाणेच लिहायचं होतं. आपल्याला तशी सक्ती नाही. पावागढावर पुढचा लेख लिहिणाऱ्याने बेगड्याचा वेढा जरूर सांगावा, पण किल्ल्यावरच्या टाक्यांत पाणी कुठून येत होतं, उतारावरचं रान किती उरलं आहे आणि तिथे पडलेला पाऊस आपल्या पुलाखाली यायला किती वेळ लागतो, हेही विचारावं. पुढच्या पावसाळ्यात पूर पाहायला पुलावर गर्दी होईलच. पाणी कुठून आलं हे त्या गर्दीतल्या चार जणांना नीट सांगता आलं, तर इतिहास मंडळाचं काम झालं म्हणायचं.